गळ्यातली चांदी

हिस्टरीअक्कांना कुणी घरी जेवायला बोलवत नसे. एकदा बोलावलं की पुरे व्हायचं. त्या वेळेवर यायच्या, पाटावर नीट मांडी घालायच्या, पानातलं सगळं न्याहाळायच्या आणि पहिला घास उचलायच्या आधी विचारायच्या, "हे कुणाच्या जिवावर?" आमच्या घरी आल्या तेव्हा माझे सासरे म्हणाले, "देवाची कृपा, दुसरं काय." तर म्हणाल्या, "देवाला मधे घालू नका हो अण्णा. हा भात आहे. तो लावणारी बाई कोण आणि तिच्या पानात आज काय आहे, एवढंच विचारतेय." सासऱ्यांचा हात पानातच राहिला. अक्का मात्र पोटभर जेवल्या, सार परत मागून घेतलं, आणि जाताना माझ्या सासूला म्हणाल्या, "सार फर्स्टक्लास. पण मिरची पोर्तुगिजांची हं." सासूबाई आठवडाभर विचार करत होत्या, ही बाई आपल्याला नेमकं बोलली काय.

आज इतकी वर्षं झाली, अक्का नाहीत, सासूबाई नाहीत. पण अक्कांबद्दल लिहायला बसले की आधी हसू येतं आणि मग राग येतो. हसू सरतं. राग सरत नाही. म्हणून लिहून टाकते.

अक्का आमच्यातल्याच. म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या पण महाराष्ट्र कधी न पाहिलेल्या. तीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेबरोबर आपली माणसं इकडं कन्नड मुलखात आली आणि राहिली, एवढंच आम्हाला ठाऊक. आमची मराठी म्हणजे निम्मं कन्नड. पुण्याचे पाहुणे आले की तोंडावर हात धरून हसायचे. अक्का त्यांना सांगायच्या, "हसा हसा. तुमच्या मराठीत फारसी किती आहे ते मोजायला बसले तर संध्याकाळ होईल."

लग्न केलं नाही. मल्लेश्वरममध्ये भावाच्या घरामागं दोन खोल्यांत राहायच्या आणि रोज तिथून कंटोन्मेंटातल्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला चालत यायच्या. नऊवारी साडी, पायात पांढरे कॅन्व्हासचे बूट, खांद्यावर छत्री, शिपाई बंदूक धरतो तशी. जटकेवाले, म्हणजे इकडचे टांगेवाले, ओरडायचे, "अक्का, बसा, पैसे नकोत." अक्का "ह्याच्या जिवावर?" म्हणून घोड्याकडं बोट दाखवायच्या आणि पुढं चालू लागायच्या. वाटेत एखादी भिंतीवरची जाहिरात पटली नाही तर तिच्याशी भांडायच्या. हो, जाहिरातीशी. लोक थांबून बघायचे.

शाळेचं नाव सांगत नाही. शाळा आजही आहे, आणि तिथं शिकणाऱ्या पोरींचा काही गुन्हा नाही. इंग्रज गेले तरी शाळेचा ट्रस्ट विलायतेतच होता, वर्षाचा पैसा तिथून यायचा. माझ्या नवऱ्याचं इथल्या शिवाजीनगरात शिंप्याचं दुकान. शाळेचे गणवेश आमच्याकडं शिवायला यायचे, त्या ओळखीनं मला तिथं शिवणबाई म्हणून घेतलं. माझं शिक्षण होसकोटेच्या कन्नड शाळेत चौथीपर्यंत. मराठी वाचायला मी पुड्यांच्या कागदांवरून शिकले. पण शिवणाची खोली आणि अक्कांचा वर्ग यांच्यामधे लाकडाची नुसती फळी होती, आणि माझं बाकीचं सगळं शिक्षण त्या फळीतून झालं.

अक्का पुस्तक उघडतच नसत. तास मधल्या सुट्टीआधीचा असला की म्हणायच्या, "डबे काढा." मुलींनी डबे उघडले की वर्गभर फिरायच्या. "तुझ्या डब्यात बटाटा? म्हणजे तुझ्या डब्यात जहाज आहे. टोमॅटो? तो पण जहाजातला. मिरची? ती तर समुद्राच्या पलीकडची राणी. आणि तुझ्या आईनं शिऱ्यात साखर घातलीय ना? ऊस मूळचा आपल्याकडचा. तो पलीकडं गेला, आणि तो तोडायला माणसं धरून नेली." मग अक्का समुद्रापलीकडच्या उसाच्या बेटांचं सांगायच्या. आफ्रिकेतून माणसं कशी साखळीत बांधून, जहाजाच्या पोटात सामानासारखी रचून नेली. ऊस कसा तोडायचा, रस कढईत कसा रात्रंदिवस उकळायचा, चरकात हात अडकला तर हात तोडायला कुऱ्हाड कशी शेजारीच टांगलेली असायची. मी शिलाईचं मशीन थांबवून ऐकत बसायचे. मुलींचा शिरा तसाच राहायचा. पालकांच्या तक्रारी यायच्या, मूल जेवत नाही म्हणून.

आता त्या तसबिरीचं सांगते.

शाळेच्या हॉलमध्ये संस्थापकांच्या घराण्याच्या मूळ पुरुषाचं तैलचित्र होतं. दाराएवढं मोठं. तांबडा कोट, डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, पोट पुढं आलेलं, हसतमुख. मागं खिडकीतून समुद्र आणि जहाज. शेजारी मेजावर साखरेचा पांढरा सुळका, तेव्हा साखर तशी विकायचे म्हणे. आणि डाव्या बाजूला, त्याच्या गुडघ्याशी, आठनऊ वर्षांची एक काळीसावळी मुलगी, हातात फळांचं तबक उचलून धरलेली. डोळे त्याच्याकडं. गळ्यात रुंद चांदीचा दागिना, आपल्याकडं लहान मुलींच्या गळ्यात सरी घालतात तसा.

हा साहेब विलायतेतला साखरेचा व्यापारी. दाराशी दगडावर तसं कोरलेलंच होतं, लपवाछपवी काही नव्हती. त्याच्या नातवानं पुढं इकडं येऊन शाळा काढली आणि आजोबांची तसबीर लावली. मुली त्याला सक्करे दोरे म्हणायच्या, साखरेचे साहेब. आणि आपली माणसं कशी असतात बघा. भिंतीवर कुणी मोठ्या चौकटीत दिसलं की हात जोडले जातात. परीक्षेच्या दिवशी मुली त्याच्या पायाशी चिमूटभर साखर ठेवायच्या, तसबिरीला कुंकू लावायच्या. शुक्रवारी शिपाई माळ घालून दिवा लावायचा. संस्थापक दिन संक्रांतीच्या आसपास यायचा. संक्रांतीला इकडं साखरेच्या पाकाची चित्रं साच्यात पाडतात, सक्करे अच्चू म्हणतात त्यांना, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन. शाळेनं शिवाजीनगरच्या मिठाईवाल्याकडून खास साचा करून घेतला होता, हॅट घातलेल्या साहेबाचा. प्रत्येक मुलीला एकएक साखरेचा साहेब मिळायचा. मुली आधी हॅट खायच्या.

त्या मुलीलाही कुंकवाचं बोट लागायचं. गळ्यातली चांदी बघून बायका म्हणायच्या, किती लाडाची असेल. परक्याच्या पोरीला कोण एवढी चांदी घालतं? साहेबाचं मन मोठं.

अक्का त्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकत नसत. बाहेर छत्री घेऊन उभ्या राहायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "मला साखर सोसत नाही." सगळे धरून चालले की त्यांना मधुमेह आहे. बिचाऱ्या शिपायानं एकदा कारल्याचा रस आणून दिला. तो प्यायल्या, "थँक्स" म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. विलायतेहून ट्रस्टच्या मुख्य बाई येणार असं कळलं, त्याच घराण्यातल्या. सायन्सच्या नव्या इमारतीला पैसा द्यायचा की नाही ते त्या बघून ठरवणार होत्या. शाळेत रंग लावणं सुरू झालं. तसबीर साफ करायला मद्रासहून आलेला एक माणूस कापसाच्या बोळ्यांनी चित्र पुसत बसला. कितीतरी वर्षांची काजळी आणि तेलकट कुंकू निघालं. समुद्र निळा झाला. साहेबाचे गाल तांबडे झाले. आणि मुलीच्या गळ्यातल्या चांदीवर अक्षरं दिसायला लागली.

मुली धावत जाऊन अक्कांना घेऊन आल्या. मीही गेले, माझी लेकही, ती तेव्हा तिथंच शिकायची. फी माफ होती तिची. अक्का स्टुलावर चढल्या, चष्मा सरकवला, बराच वेळ बघत राहिल्या. मग खाली उतरल्या.

"काय लिहिलंय अक्का?"

"त्याचं नाव."

"मुलीचं?"

"त्याचं म्हणतेय ना. साहेबाचं."

मी म्हटलं, "मग बरोबर आहे. त्यानंच दिला असेल दागिना. आपण नाही का भांड्यावर नाव घालत?"

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना एखाद्यावर ओरडायचं असलं की त्यांचा आवाज उलट खाली यायचा. "भांड्यावर नाव का घालतो गं आपण?"

"लग्नाकार्यात दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून. कुणी नेलं तर आपलं म्हणून ओळखू यावं."

"बरोबर. आता स्वल्प मानेच्या बाजूला बघ. सरीला फासा असतो. इथं काय आहे?"

मी स्टुलावर चढून बघितलं. इवलंसं कुलूप होतं. चितारणाऱ्यानं अगदी मन लावून काढलं होतं, त्याच्यावर उजेडाचा ठिपकासुद्धा.

माझ्या लेकीच्या गळ्यात त्या वेळी सरी होती. होसकोटेहून माझ्या आईनं दिलेली. लेक शेजारीच उभी होती, एकदा चित्राकडं बघत होती आणि एकदा स्वतःच्या गळ्याला हात लावून बघत होती. मी तिथंच, हॉलमध्येच, तिची सरी काढली. घरी सासूबाई म्हणाल्या, "लेकराचा गळा असा ओका बरा दिसतो का?"

दुसऱ्या दिवशी अक्का प्रिन्सिपलबाईंच्या खोलीत गेल्या. मी नवे पडदे लावायला तिथंच होते, म्हणून ऐकलं. प्रिन्सिपलबाई मंगळूरकडच्या. वाईट नव्हत्या, हे मला मुद्दाम लिहायचंय. माझ्या लेकीसारख्या कितीतरी पोरींची फी त्यांनीच माफ करून घेतली होती. दोघी कन्नडात बोलल्या.

अक्का म्हणाल्या, "माळ बंद करा. कुंकू बंद करा. साखरेची बाहुली बंद करा. आणि खालच्या पितळी पट्टीवर त्याच्या नावाखाली एक ओळ घाला, की ही मुलगी ह्या माणसाची गुलाम होती आणि अशा माणसांच्या कष्टातून ही शाळा उभी आहे. बस. दुसरं काही मागत नाही मी."

"पाहुण्या येताहेत. ह्या महिन्यात?"

"ह्याच महिन्यात. त्यांच्यासमोर."

"तुमचा पगार त्याच पैशातून येतो," प्रिन्सिपलबाई म्हणाल्या. "माझाही. मुलींची फी त्यातूनच माफ होते. काय करू, शाळा बंद करू?"

"बंद करा म्हणाले का मी? सांगा म्हणाले. ज्याचं खातो त्याचं नाव तरी घ्यावं माणसानं. आपण खातोय त्या मुलीचं आणि माळ घालतोय ह्याला."

"दीडशे दोनशे वर्षं झाली त्याला."

"मग आता सांगायला कसली भीती?"

प्रिन्सिपलबाई म्हणाल्या, "तुम्ही वर्षभरात निवृत्त होणार. पेन्शन ट्रस्टच देणार आहे. विचार करा."

अक्का बाहेर आल्या त्या थेट माझ्याकडं. "पडदा वाकडा लागलाय तुझा," म्हणाल्या आणि गेल्या.

ही पेन्शन म्हणजे त्यांचं सगळं होतं, बरं का. भावाच्या घरी भावजय रोज भांडी आपटायची. "शाळा सुटली की खोल्या मोकळ्या करा, मुलाचं लग्न करायचंय," असं तिनं तोंडावर सांगितलं होतं. पेन्शन आली असती तर अक्कांना स्वतःची एखादी खोली भाड्यानं घेता आली असती. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं, प्रिन्सिपलबाईंनाही.

संस्थापक दिन आला. पाहुण्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, बोलायला गोड. मुलींच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. माळ घालून झाली, गाणं झालं, मुली साखरेचे साहेब चघळत होत्या. त्या वर्षी पहिल्यांदाच अक्का हॉलमध्ये आल्या होत्या. शेवटच्या भिंतीशी उभ्या. पाहुण्या बाई तसबिरीखाली थांबल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, किती सुंदर साफ केलंय, आणि ही छोटी, हिच्यावर आमच्या घरच्यांचा फार जीव होता असं माझी आजी सांगायची.

एवढं इंग्रजी मलाही कळलं. आणि अक्का चालत पुढं आल्या. बूट वाजत नव्हते, कॅन्व्हासचे ना. त्यांचं इंग्रजी गोऱ्या मडमेलाही लाजवेल असं होतं. पुढचं मला लेकीनं आणि दुसऱ्या बायांनी नंतर नीट सांगितलं, मी ते जोडून लिहितेय.

"ज्याच्यावर जीव असतो त्याच्या गळ्याला कुलूप लावत नाहीत, मॅडम," अक्का म्हणाल्या.

पाहुण्या बाई गोंधळल्या. म्हणाल्या, ते फार जुने दिवस होते, आणि गुलामगिरी संपली तेव्हा आमच्या घराण्यानं ते सगळं सोडून दिलं.

"सोडलं नाही, भरपाई घेतली. तुमच्या सरकारनं गुलाम मोकळे केले तेव्हा पैसे वाटले. कुणाला? ज्यांच्या पाठी सोलल्या त्यांना? त्यांना एक दमडी नाही. मालकांना दिले, की तुमची माणसं गेली, तुमचं नुकसान झालं म्हणून. तुमच्या घरानं घेतले. आणि ते घेऊन तुमचे पूर्वज इथं येऊन दानशूर झाले. आम्ही त्यांना दिवा लावतो. आमचं चुकलंच. पण तुम्हाला तर ठाऊक होतं."

पाहुण्या बाईंचा चेहरा तसबिरीतल्या गालासारखा तांबडा झाला. प्रिन्सिपलबाईंनी अक्कांचा दंड धरला. अक्कांनी तो सोडवला नाही. धरू दिला आणि तशाच बोलत राहिल्या, "मी तुमच्याकडं काही मागत नाही. एक ओळ लिहा. पितळेवर."

अक्कांना त्याच आठवड्यात घरी बसवलं. माफीचं पत्र द्या, पेन्शन सुरू करू, असा निरोप गेला. अक्कांनी उलट निरोप दिला, ओळ लिहा, माफीचं पत्र देते. गोष्ट तिथंच अडली. सायन्सच्या इमारतीचा पैसा मात्र आला. लवकर आला.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा.

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली तेव्हा मी शिवणाची खोली झाडायला गेले. हॉलमधून जाताना नजर गेली. तसबीर लहान झाली होती. नवी सोनेरी चौकट, साहेब, जहाज, साखरेचा सुळका. डावी बाजू नव्हती. कापली होती. शाळेच्या कमिटीला ओळ लिहायची नव्हती, मग ओळ जिच्याबद्दल लिहायची ती मुलगीच काढून टाकली. झालं. प्रश्न मिटला. एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं की ह्या पोरीचं नाव घ्या, तर ह्यांनी कात्री घेतली.

मी सगळं आयुष्य कापड कापलंय. कापताना माणूस आधी बघतो, कुठून कापायचं, काय ठेवायचं. साहेबाच्या गुडघ्याच्या अगदी कडेनं, जराही धक्का न लावता कापलं होतं. काम करणाऱ्याचा हात बसलेला होता. म्हणजे कुणीतरी शेजारी उभं राहून सांगितलं असणार, इथून, असं, सावकाश.

मुलीची ती कापलेली पट्टी मला शिवणाच्या खोलीतल्या माझ्याच कपाटात मिळाली. चौकटवाल्यानं गुंडाळी करून शिपायाकडं दिली, शिपायाला वाटलं कापड आहे, म्हणजे शिवणबाईचं. मी ती जुन्या चादरीत बांधली आणि बसनं मल्लेश्वरमला गेले.

अक्कांनी ती जमिनीवर उलगडली. तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. साहेब नसताना ती मुलगी वेगळीच दिसत होती. तबक उचलून ती रिकाम्या हवेकडं बघत होती.

मी म्हटलं, "राहू दे तुमच्याकडं. निदान जपून राहील."

"माझ्याकडं?" अक्कांचा आवाज खाली गेला. "माझ्या भिंतीवर लावू हिला? पाहुणे आले की दाखवू, बघा माझ्याकडं काय आहे? मग माझ्यात आणि त्या टोपवाल्यात फरक काय राहिला?" मग मला म्हणाल्या, "मजबूत कापड लाव मागून. वर दांडी घालता येईल अशी नळी शिव. उद्यापर्यंत पाहिजे."

मी दुकानातल्या मशीनवर ते शिवलं. नवरा म्हणाला, "ह्यानं तुझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "सुई दे जाड."

शाळा उघडली त्या दिवशी सकाळी अक्का फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. एका हातात छत्री, एका हातात दांडीला लावलेली ती मुलगी. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला सांगत होत्या, "ही शाळेची संस्थापक. आत भिंतीवर जागा नाही म्हणून बाहेर उभी आहे." कन्नडात, तमिळमध्ये, उर्दूत, इंग्रजीत. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पोलीस आला. अक्कांनी त्याला विचारलं, "रस्ता कुणाचा?" तो म्हणाला, "सरकारचा." "आणि सरकार कुणाचं?" तो हसला आणि जरा पलीकडं जाऊन उभा राहिला. त्याची मुलगी अक्कांच्या वर्गात होती.

प्रिन्सिपलबाईंनी मला बोलावलं. "ते चित्र त्यांना कुणी दिलं?" मी म्हटलं, "मी." त्या म्हणाल्या, "का?" मी म्हटलं, "माझ्या कपाटात कुणीतरी एक मूल गुंडाळून ठेवलं होतं मिस. मी काय करायला हवं होतं?" त्या महिन्यापासून माझं काम गेलं. लेकीची फी मात्र त्यांनी माफच ठेवली. म्हणून म्हटलं, वाईट नव्हत्या. वाईट माणसांवर रागावणं सोपं असतं हो. ह्या बाईंवर मी आजवर धड रागावू शकले नाही, आणि त्याचाही राग येतो.

मग एकदा त्या स्वतः फाटकाशी आल्या. मी लेकीला सोडायला आले होते, तिथंच होते. म्हणाल्या, "ती पट्टी परत द्या. पेन्शनच्या कागदावर आज सही करते मी. माफी नको, काही नको."

अक्कांची भावजय एव्हाना त्यांची ट्रंक ओसरीत काढून मोकळी झाली होती. हे प्रिन्सिपलबाईंनाही कळलं असणार, त्यांच्या आवाजावरून मला तसं वाटलं. अक्कांनी विचारलं, "परत घेऊन कुठं लावाल?"

प्रिन्सिपलबाईंनी मागं वळून शाळेकडं पाहिलं.

"भिंतीवर लावत असाल तर आत्ता घ्या. कपाटात ठेवणार असाल तर ती इथंच बरी आहे. इथं निदान ऊन लागतं तिला."

पेन्शन गेली. नंतर अक्का आमच्या दुकानाच्या माळ्यावर राहिल्या, शेवटपर्यंत. सासूबाई कुरकुरल्या, पण सार पाठवायच्या वर.

त्यानंतर पावसाळ्यातला एक दिवस. पाऊस थांबला होता, शाळा भरायची वेळ. मुलींनी काय करावं? दोघीतिघींनी मोगऱ्याचा गजरा आणला आणि चित्रातल्या मुलीला घालायला गेल्या. एकीनं कुंकवाची डबी काढली. अक्का असा हात उगारून ओरडल्या की डबी खाली पडली. "हिची पण पूजा? हात जोडले की विचारायचं संपतं तुमचं. नको तिला फुलं. विचारा काहीतरी."

मुली घाबरून उभ्या. मग माझी लेकच म्हणाली, "मिस, हिचं नाव काय?"

ज्या बाईला मिरचीचा, बटाट्याचा, टोमॅटोचा ठावठिकाणा माहीत होता, पोलिसाला, भावजयीला, विलायतेच्या मडमेला जिच्याकडं उत्तर होतं, ती बाई तोंड उघडून तशीच राहिली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्या रस्त्याच्या कडेच्या ओल्या दगडावर बसल्या. छत्री हातातून सुटली.

"माहीत नाही गं," म्हणाल्या. "त्याचं नाव कोरलं त्यांनी. हिचं कुठंच नाही."

मुली हलेनात. आतून घंटा झाली. अक्कांनी पदरानं चेहरा पुसला आणि त्यांचा आवाज खाली गेला, तो जुना.

"मला काय विचारतेस? मी बाहेरची. आत जाऊन विचार. हॉलमध्ये सगळे उभे असतील ना आता? तिथं विचार. रोज विचार."

लेक आत गेली. मागोमाग बाकीच्या. शिपायानं फाटक लावलं. मी आणि अक्का बाहेर. प्रार्थना संपली, आणि मग हॉलच्या उघड्या खिडकीतून माझ्या लेकीचा आवाज आला, बारीक, कापरा, पण स्पष्ट. तिनं विचारलं. बस खाली, असं कुणीतरी म्हणालं. ती बसली असणार. मग दुसऱ्या एका मुलीनं तेच विचारलं. तिलाही बसवलं. मग तिसरीनं.